बिनहाराचा फोटो

माझा भाऊ फोटोग्राफर होता असं सांगितलं की समोरचा माणूस हटकून विचारतो, "लग्नाचे काढायचे का?" मी हो म्हणते. ते खोटं नाही. लग्नाचे, मुंजीचे, पासपोर्टचे, दहावीच्या फॉर्मला लावायचे, सगळे तो काढत असे. पेणला एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ होता आणि स्टुडिओचं भाडं याच फोटोंवर निघत असे. पण त्याला स्वतःला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी खारेपाटातल्या, इथल्या खाडीकाठच्या गावांतल्या माणसांचे फोटो काढतो. कसले फोटो, असं पुढे विचारलं असतं तर म्हणाला असता, "कसले म्हणजे? नुसते."

या 'नुसते'वर त्याने उमेदीची सगळी वर्षं घातली. त्याचं पुढे काय झालं ते पेणमध्ये अनेकांना माहीत आहे. फक्त तिथे ते विनोद म्हणून सांगतात. मला तो विनोद अजून ऐकवत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते आहे.

आई-वडील लवकर गेले. आम्ही दोघंच उरलो आणि दोघांनीही लग्न केलं नाही. तो पेणला स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहायचा. मी रोह्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते आणि रोह्याला लागूनच असलेल्या वरशाला, तिथे नुकत्याच उभ्या राहिलेल्या एका चाळीवजा इमारतीत, दोन खोल्या घेऊन राहत होते. रविवारी दादा पॅसेंजरने यायचा. एका हातात मासळीची पिशवी, दुसऱ्या हातात फोटोच्या कागदाचा रिकामा खोका; त्यात आठवडाभराचे प्रिंट. मी मासळी साफ करेपर्यंत तो बाहेरच्या खोलीत सगळे फोटो जमिनीवर मांडून ठेवी आणि मला हाक मारी, "पुस्तकबाई, हात धुऊन या."

फोटो सगळे काळे-पांढरे असत. नळाच्या रांगेत हंड्यावर बसून झोपलेली बाई. पापड वाळत घालून कावळे हाकणारी मुलगी, हातात काठी आणि तोंड कावळ्यांइतकंच उघडं. गणपतीच्या कारखान्यात दुपारी डबा खायला बसलेली माणसं; कोपरापर्यंत हात पांढरे आणि मध्ये पितळी डब्यातली भाजी. मी एकदा विचारलं, "कारखान्यात गेलास आणि एकही गणपती घेतला नाहीस?" तो म्हणाला, "गणपतीचे फोटो काढायला सगळी मुंबई येते. यांचा डबा कोण बघतंय?"

एखाद्या गावात जायचं तर त्याची एक पद्धत होती. सुरुवातीला कॅमेरा न्यायचा नाही. नुसतं जायचं, पारावर किंवा दुकानाच्या पायरीवर बसायचं, कुणी बोललं तर बोलायचं, नाही तर परत यायचं. गावातली कुत्री त्याला बघून भुंकायची थांबली की मग कॅमेरा. "माणसं लाजेकाजेस्तव भुंकत नाहीत," तो म्हणे. "कुत्री खरं सांगतात." एका खाडीकाठच्या गावात कुत्री पुरा पावसाळा भुंकत राहिली आणि तो पुरा पावसाळा रिकाम्या हाताने तिथे जात राहिला.

ते गाव मिठागरावरचं. पेणहून एसटीने जायचं आणि पुढे बांधावरून चालायचं. तिथल्या माणसांची पाच-सात महिने उन्हात मिठाच्या पाण्यात पाय ठेवून मजुरी चालते, आणि त्यांच्या पायांना भेगा नसतात, चिरा असतात. दादाचा जीव जडला तो या गावावर, आणि त्या गावात एका म्हातारीवर. नवरा गेलेला, मुलगा आणि सून मिठागरावर, आणि तीही. कुणी घरी बस म्हटलं तर चिडायची. दादाला पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "तुना काय कामधंदा नाय का रं पोरा? आयशीबापसानं शिकवला कनाला?" दादाने ते मला तिच्या आवाजात करून दाखवलं होतं. त्याला नकला फार छान यायच्या. हे आता कुणाला सांगून पटणार नाही.

तिचा तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच जमिनीवर. दुपार. म्हातारी बांधावर बसली आहे. मागे मिठाचा ढीग, इतका पांढरा की कागदच कोरा राहिला असं वाटावं. तिने लुगडं पोटरीपर्यंत ओढून घेतलं आहे आणि कळशीतून पायांवर पाणी ओतते आहे. गोडं पाणी; त्या गावात ते टँकरने यायचं आणि पिण्यापुरतं मिळायचं. पाणी चिरांमध्ये शिरतं आहे, आणि तिने डोळे मिटून मान थोडी मागे टाकली आहे. इतकं सुख मी कुठल्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. दादा म्हणाला, "बास. आता मला दुसरं काही नाही जमलं तरी चालेल."

ज्याचा फोटो त्याला पहिला प्रिंट, हा त्याचा नियम होता. म्हातारीलाही त्याने दिला. पुढच्या खेपेला गेला तर फोटो कुठे दिसेना.

"आजी, फोटो कुठे लावला?"

"पेटीत हाय. लुगड्याखाली."

"भिंतीवर नाही लावला?"

"भिताडावर? येडा का खुळा तू? भिताडावर फोटो चढला का मागनं हार चढतो. मना अजून मीठ वडायचाय."

हे सांगताना दादा हसला होता, मीही हसले होते. आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही ते? जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. घातला तर तो गेला. लहानपणी दादाने शाळेतून आणलेली झेंडूची माळ वडिलांच्या फोटोवर टाकली होती, वडील तेव्हा ओटीवर पेपर वाचत होते, आणि आईने त्याच्या पाठीत जो धपाटा घातला तो त्याला जन्मभर आठवत होता.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. मुंबईच्या एका मासिकात फोटोंचं काम पाहणारे एक गृहस्थ गणपतीच्या कारखान्यांवर लिहायला पेणला आले होते. रोल संपला म्हणून दादाच्या दुकानात शिरले आणि काउंटरवर पडलेले प्रिंट बघत तासभर उभे राहिले. मग त्यांनी खुर्ची मागितली. त्यांचं म्हणणं पडलं की हे सगळं मुंबईत एखाद्या चांगल्या गॅलरीत लागलं पाहिजे, ते स्वतः शब्द टाकतील. पुढच्या रविवारी दादाने मासळी आणली नाही, मिठाई आणली.

पण त्याची एक अट होती, आणि ती त्याने त्या गृहस्थांनाही सांगितली होती. फोटो आधी पेणमध्ये लागतील. फोटोतली माणसं येऊन बघतील. ती हो म्हणाली तर मुंबई.

"आणि नाही म्हणाली तर?" मी विचारलं.

"तर मग माझं काय आहे त्यात? चेहरे त्यांचे, पाय त्यांचे. मी नुसता उभा होतो."

मला तेव्हा हे फार थोर वाटलं होतं. आता वाटतं, इतकं सरळ असू नये माणसाने.

त्या वर्षीचा उन्हाळा त्याने अंधाऱ्या खोलीत काढला. मोठे प्रिंट केले. फ्रेम करणारा सुतार म्हणाला, माझ्याकडे पट्टी दोनच रंगांत, सोनेरी नाही तर काळी. दादाने काळी घेतली. फोटोखाली मी काही ओळी लिहून द्याव्यात का, म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाला. "ती स्वतःला ओळखतील." हॉल एका मंडळाने दिला. मंडळाचे अध्यक्ष गावातले वजनदार गृहस्थ. उद्घाटन, पाहुणे, नारळ, माइक, सगळं आमच्याकडे लागलं, असं म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्या सगळ्या प्रकारात वाईट असं कुणीच नव्हतं, हेच मला पुढे फार जड गेलं. राग कुणावर धरायचा ते कळेना.

उद्घाटनाच्या दिवशी दादा सकाळीच टेम्पो घेऊन मिठागरावर गेला. मी रोह्याहून पॅसेंजरने येऊन स्टुडिओत बसले होते. टेम्पो आला तो गाणी म्हणतच. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, अंबाड्यांत अबोलीच्या वेण्या. पुरुष मागे उभे. म्हातारी पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर वाडग्यात फडक्याने झाकलेलं काहीतरी. दादासाठी तिने घावन आणले होते. मला बघून म्हणाली, "ही तुजी बहीन व्हय? किती सुकलेली. पुस्तका खाते का काय?"

आम्ही सगळे हॉलमध्ये एकदमच शिरलो.

काय झालं होतं ते मागाहून कळलं. अध्यक्षांनी मंडळाच्या शिपायाला आदल्या दिवशी सांगितलं होतं, "उद्या फोटोंचा कार्यक्रम आहे, हार सांगून ठेव." अध्यक्षांना म्हणायचे होते पाहुण्यांचे हार. शिपाई जुना माणूस. त्या हॉलमध्ये फोटोंचा कार्यक्रम म्हणून त्याने एकच पाहिला होता: पुढारी वारले की फोटो, थोरांची पुण्यतिथी असली की फोटो. त्याने भिंतीवर नजर टाकली. काळ्या चौकटी, काळे-पांढरे फोटो, खाली नाव नाही. त्याने फुलवाल्याला फोटोंइतके हार सांगितले. सकाळी लवकर येऊन, स्टुलावर चढून, प्रत्येक फ्रेमला झेंडूचा हार घातला, हार चेहऱ्यावर येऊ नये म्हणून नीट दोन्ही बाजूंना ओढला, आणि भिंतीशी उदबत्त्या लावल्या. अगदी मनापासून केलं होतं त्याने.

उदबत्तीच्या वासातच बायकांचं गाणं थांबलं. मग एकीने पहिलं पाहिलं आणि खिदळली. "अगो बाय! तुजी तेरवी कवा झाली? जेवाया नाय बोलावलंस!" दुसरी म्हणाली, "माजी नंतर, पयली तुजी. तुजा हार मोटा हाय." दोघी-तिघी हसल्या. ते हसू पुढे गेलं नाही. नळावर झोपलेली बाई हार घालून झोपलेली होती. डबा खाणारे सगळे एका हाराखाली जेवत होते. एका पोराने आपल्या आजोबांचा फोटो ओळखला, मागे वळून आजोबांकडे पाहिलं, आणि रडायला लागला. टेम्पोतून उतरलेली माणसं आपापल्या फोटोपुढे उभी राहिली.

म्हातारी तिच्या फोटोसमोर होती. मी तिच्या मागे. पांढऱ्या मिठावर तो केशरी हार, आणि ते मिटलेले डोळे. सुखाने मिटलेले डोळे हार घातल्यावर तसे दिसत नाहीत. दिसतं ते वेगळंच. तिने वाडगा माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात विचारलं, "मी जिती हाय ना गो?"

मी म्हटलं, "आजी, चूक झाली कुणाची तरी."

"मी जिती हाय!" आता ती ओरडली. "हात लावून बग! मी जिती हाय, मंग यो हार कोनी घातला? माजा पोर मना मसनात नेयाला अजून मोकला नाय, तुमी कोन मना भिताडावर चढवनारं?"

दादा धावला. त्याने तिचा हार ओढून तोडला, मग शेजारचा, मग पुढचा. फुलं जमिनीवर पडत होती आणि बायका ती फुलं पायाखाली येऊ नयेत म्हणून मागे सरत होत्या. नेमके तेव्हाच अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन दारात आले. "अहो, अहो! हार काढता काय? उद्घाटन व्हायचंय अजून!" आणि त्यांच्या मागून आलेल्या मुंबईच्या गृहस्थांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. त्या गोंधळात मला शटरचा तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

टेम्पो परत गेला तेव्हा त्यात कुणी गात नव्हतं. घावनांचा वाडगा माझ्याच हातात राहिला.

काही दिवसांनी म्हातारी स्टुडिओत आली. सोबत मुलगा होता, तो बाहेर पायरीवर थांबला. दादाने तिला स्टूल दिलं, ती बसली नाही.

"त्यो फोटो फाड," ती म्हणाली. "माज्यासमोर."

त्याने समजावलं नाही, हे त्यानेच मला सांगितलं. मोठा प्रिंट काढला, फ्रेमची पाठ उकलली, आणि तिच्यासमोर फाडला. तिने पेटीतला लहान प्रिंटही आणला होता, तोही फाडला. ती जायला निघाली. तिला निगेटिव्ह म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तो गप्प राहिला असता तर काही बिघडलं नसतं. पण त्याने तिला थांबवलं, निगेटिव्हची पट्टी उजेडात धरली, त्यातली ती दाखवली, काळ्या मिठापुढे बसलेली पांढरी म्हातारी, आणि कात्रीने तेवढा चौकोन कापून तिच्या हातावर ठेवला. "आता कुठेच नाही," तो म्हणाला. तिने तो चौकोन लुगड्याच्या शेवाला बांधला. जाताना म्हणाली, "तुजा राग नाय रं. पर आता गावात येव नको."

"काय करायला हवं होतं मी?" त्याने मला त्या रविवारी विचारलं. मी पुस्तकं वाचलेली बाई. मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

तरीही तो एकदा गेला. कुत्री भुंकली नाहीत. माणसांनी दारं लावून घेतली.

त्याच पावसाळ्यात फोटोतला एक माणूस खरंच गेला. एसटीच्या थांब्यावर बशीतून चहा पिणारा, पन्नाशीचा. रस्त्यावर ट्रकने उडवलं. पेण-पनवेल रस्त्यावर माणसं तेव्हाही मरत होती, आताही मरतात. पण याला आधी हार चढला होता. यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. खारेपाटातून वरातीचं, साखरपुड्याचं काम येणं बंद झालं. पेणमध्ये तर लोक हसत. "तिकडे नको रे, तो हारवाला." शाळेतली पोरंसुद्धा फोटो काढून घेताना मान हलवून बघायची, आपण जिवंत आहोत की नाही ते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्या चहावाल्या फोटोतल्या माणसाचे दोन मुलगे स्टुडिओत आले. मी त्या दिवशी तिथे होते. डोकी भादरलेली, नजर खाली. थोरला म्हणाला, "बापाचा फोटो नाय दुसरा. तुमच्याकडं हाय."

दादाने प्रिंट काढून समोर ठेवला. थांबा, बाकडं, धूर, बशी, बशीवर फुंकर घालणारा त्यांचा बाप.

"एवडा नको. तोंड तेवडं द्या."

"सगळाच घ्या की. छान आले आहेत."

"बाकडं कनाला? तोंड मोटं करा." मग धाकट्याने जवळ येऊन पाहिलं. "ह्या ओठांचा असा चंबू झालाय, तो निट करता येल? आनि बशी काडा."

"चहा आवडायचा ना त्यांना?"

"आवडायचा. पर मेलेल्या मानसाच्या हाती बशी कशी?"

दादाने ते केलं. चेहरा कापला, ओठ ब्रशने मिटवले, मागे ढगांचा पडदा. मुलांनी फोटो छातीशी धरून नेला. ते गेल्यावर त्याने टेबलावर उरलेलं बाकडं आणि धूर मला दाखवला. त्याच्या मते फोटो तो होता.

मग ती रीतच पडली. दिवसा समोरून येणार नाहीत, पण घरात कुणी गेलं की मागच्या दाराने येतील. हारवाल्याकडे फोटो असणारच. त्यांचं चुकत नव्हतं, त्याच्याकडे असायचाच. कपडे धुणारी आई, जाळं शिवणारा काका, पापड लाटणारी सासू. सगळ्यांचं एकच मागणं, तोंड तेवढं द्या. हात नको, जाळं नको, लाटणं नको. वर्षानुवर्षं कुत्री गप्प होण्याची वाट बघून जमवलेलं त्याचं सगळं काम असं एकेक तोंड होऊन भिंतींवर गेलं. खारेपाटात घराघरांत त्याचे फोटो आहेत. सगळ्यांना हार आहेत. इतकं मोठं प्रदर्शन मुंबईत कुणाचं लागलं नसेल.

मुंबईच्या गृहस्थांनी मासिकात एक फोटो छापला. त्यांनी स्वतः काढलेला: हार तोडणारा दादा, ओरडणारी म्हातारी, पायाखाली फुलं. खाली 'भोळी माणसं' की असंच काहीतरी. गॅलरीचं पुन्हा कुणी बोललं नाही. वाचनालयात तो अंक आला तेव्हा मी तो टेबलावर ठेवला नाही, घरी आणून कपाटात टाकला.

पुढे रंगीत फोटोंची मशीन आली, रोल पनवेलला जाऊ लागले. दादाने स्टुडिओ बंद केला आणि माझ्याकडे वरशाला राहायला आला. एका कंपनीत कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचं काम मिळालं. शिफ्ट सुटली की माणसं रांगेने यायची, पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहायची, मान सरळ, हसायचं नाही. "तोंडं," तो घरी येऊन म्हणायचा आणि बूट काढायचा. रोह्याच्या पुढे रेल्वे सुरू झाली तेव्हा अख्खं गाव पहिली गाडी बघायला गेलं होतं. बायका पोरांना कडेवर घेऊन रुळांना हळदकुंकू लावत होत्या. मी म्हटलं, "जा ना, कॅमेरा घे." तो म्हणाला, "कशाला? त्यांना आवडणार नाही." आणि कुंडलिका नदीच्या बाजूला तोंड करून बसून राहिला. तो दिवस मला त्याच्या मरणापेक्षा जास्त आठवतो.

गेला तो काविळीने. औषधं झाली, झाडपाला झाला, उतरली नाही.

दहाव्याला फोटो हवा होता. साऱ्या घरात त्याचा एकही धड फोटो निघाला नाही. शेवटी चुलतभावाने कपाटातून तो मासिकाचा अंक शोधून काढला आणि रोह्यातल्या एका स्टुडिओत नेला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? संध्याकाळी फ्रेम घरी आली. त्या स्टुडिओवाल्याने हॉल काढला होता, म्हातारी काढली होती, वर उचललेले दादाचे दोन्ही हात काढले होते. निळा पडदा, आणि गळ्याखाली कुणाचा तरी टाय. ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड मिटवलेलं होतं. काम चांगलं होतं. दादाने इतकंच चांगलं केलं असतं.

चुलतभावाची बायको ताटात हार घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, "हार नको."

"अहो ताई, असं कसं? दहावा आहे."

"नको."

"लोक काय म्हणतील? ओका दिसतो फोटो."

"त्याला एकदा घालून झालाय," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही. हार ताटातच सुकला. नातेवाइकांनी माझं शोकाने डोकं फिरलं असं ठरवलं, आणि ते ऐकून मला जरा बरंच वाटलं.

आता तो फोटो माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. मिठागरावरची म्हातारी, ऐकते, अजून आहे. सून आता तिला बांधावर जाऊ देत नाही. तिचा फोटो कुठल्याही भिंतीवर नाही.

आमच्या इमारतीत कंपनीतल्या लोकांची येजा असते, बिऱ्हाडं बदलतात. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावर नवी मुलगी राहायला आली, नवं लग्न झालेली. विरजण मागायला आली होती. वाटी घेऊन उभी असताना तिने भिंतीकडे पाहिलं.

"हे कोण? तुमचे भाऊ का? चेहरा अगदी सारखा आहे."

"हो. थोरला."

"काय करतात?"

"फोटो काढतो."

"अय्या, लग्नाचे?"

"नाही," मी म्हटलं. "नुसते."

ती हसली. मग तिने पुन्हा वर पाहिलं, निळ्या पडद्याकडे, टायकडे, काळ्या चौकटीच्या मोकळ्या कडांकडे. "इथे येतात की नाही? आमचेही काढायचेत एकदा, घरातले. असेच, कामं करताना."

मी तिच्या वाटीत विरजण घातलं.

"पेणला असतो," मी म्हटलं. "आला की सांगते."